जखम मनाची, तालीम मेंदूची

व्हिएतनाममधून परतून दोन दशकं उलटली, तरी ते युद्ध झोपेत पुन्हा पुन्हा लढणारे सैनिक अमेरिकेत होते. अशाच, आघातानंतरच्या तणाव विकारानं (पीटीएसडी) ग्रासलेल्या २९ माजी सैनिकांवर यूजीन पेनिस्टन आणि पॉल कुल्कोस्की यांनी केलेला प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. १४ जणांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या १५ जणांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले. डोळे मिटून निवांत पडायचं. मेंदूतल्या संथ अल्फा आणि थीटा लहरी वाढल्या, की कानावर सूर यायचा. तो सूर टिकवायचा. अर्ध्या तासाची एक, अशी ३० सत्रं झाली. अडीच वर्षांनी पाहिलं, तर पहिल्या गटातल्या सगळ्यांचा आजार उलटला होता, दुसऱ्या गटात फक्त तिघांचा.

सूर कसा टिकवायचा, हे शब्दांत सांगता येत नाही. सायकलवरचा तोल जसा अंगात भिनतो, तसंच हे शिकणं. त्याला न्यूरोफीडबॅक म्हणतात. आघात सोसलेल्यांसाठी यात मोठा दिलासा आहे, कारण घडलेलं पुन्हा उगाळावं लागत नाही. बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी न्यूरोफीडबॅकच्या २०१६ च्या अभ्यासात निवडले ते ५२ जण निदान सहा महिने बोलून उपचार घेऊनही बरे न झालेले. २४ सत्रांनंतर प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी २७ टक्के आजाराच्या निकषांत उरले. नुसत्या प्रतीक्षा यादीत असलेल्यांपैकी ६८ टक्के.

पण प्रतीक्षा यादीशी केलेली तुलना मला अपुरी वाटते. कोणीतरी आठवड्यातून दोनदा आपुलकीनं वेळ देतं, यंत्र लावतं, आशा दाखवतं. बरं वाटण्यात त्याचाही वाटा असणारच. साल्झबुर्गच्या संशोधकांनी २०१७ मध्ये निद्रानाशाच्या रुग्णांना अशाच प्रशिक्षणात खरे आणि खोटे (नुसते दिखाऊ) असे दोन्ही संकेत देऊन पाहिले. दोन्हींनी सारखाच आराम पडला.

त्याहून चक्रावणारी गोष्ट कॅनडातली. पेनिस्टन अल्फा लहरी वाढवायला शिकवत होते, तर रूथ लॅनियस यांचा गट त्या कमी करायला शिकवतो! त्यांच्या २०२० च्या चाचणीत ३६ रुग्ण होते आणि तुलनेसाठी खोट्या संकेतांचा गटही होता. खरे संकेत मिळालेल्यांपैकी ६१ टक्के जण तीन महिन्यांनी आजाराच्या निकषांबाहेर आले. उलट दिशांनी चालून दोघंही आरामापर्यंत पोहोचत असतील, तर गुण नक्की कशाचा? मोठ्या चाचण्या याच प्रश्नासाठी हव्यात, आणि त्यात खोट्या संकेतांचा गट हवाच. सध्या तरी आघातावर बोलून केल्या जाणाऱ्या उपचारांचे पुरावे अधिक भक्कम आहेत. ते अर्धवट सोडून कोणी यंत्राकडे वळू नये. पण ते करूनही ज्यांच्या रात्री तशाच आहेत, त्यांनी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे या पद्धतीची चौकशी जरूर करावी.