मांडव उतरल्यानंतर

पावसाळा सरला, भाताची कापणी उरकली, की खेड तालुक्याच्या पश्चिमेकडे आरोग्य शिबिरांचा हंगाम सुरू होतो. रविवारी भल्या सकाळी पिंपरी-चिंचवडहून दोन-तीन गाड्या निघतात. चाकणचा चौक आणि राजगुरुनगर मागे टाकून वाड्याच्या रस्त्याला लागतात. कारखान्यांची छपरे संपतात, चासकमानचे पाणी दिसू लागते आणि पुढे भीमाशंकरचे डोंगर उभे राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेपुढे मांडव घातलेला असतो. बाके भिंतीकडे सारून एका वर्गात डोळे, दुसऱ्यात दात, तिसऱ्यात ‘जनरल’ अशी मांडणी होते. डॉक्टर मंडळी सुटीचा दिवस मोडून, पदरचे पेट्रोल जाळून आलेली असतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेणे हा कृतघ्नपणा ठरेल.

अशा रांगेत नऊवारीतली एखादी आजी हमखास भेटते.

“कधीपासून दुखतंय, आजी?”

“लगीन झाल्यापासनं!”

वर्गात हशा पिकतो. डॉक्टर रक्तदाब मोजतात आणि गंभीर होतात. पंधरा दिवसांच्या गोळ्या हातात ठेवून बजावतात, “ही गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं तरी थांबवायची नाही.”

आजी पुडी कनवटीला लावते आणि साधा प्रश्न विचारते, “आन् सरल्यावर?”

या दोन शब्दांना उत्तर देता येते का, यावरच शिबिराची खरी परीक्षा असते.

शिबिरे निरुपयोगी आहेत, असे मुळीच नाही. एकदा उपचार केला की प्रश्न मिटतो अशी काही दुखणी असतात. मोतीबिंदू काढला की दिसू लागते. दुभंगलेला ओठ शिवला की मुलाचे आयुष्य पालटते. १९९१ साली मुंबईहून निघालेली ‘लाइफलाइन एक्स्प्रेस’ ही रुळांवरची इस्पितळगाडी याच विचारावर उभी राहिली. शस्त्रक्रियागृहच गाडीत बसवायचे, आडगावच्या स्टेशनात मुक्काम करायचा, शहरातल्या नामवंत शल्यविशारदांनी तिथे जाऊन विनामूल्य शस्त्रक्रिया करायच्या. ज्याला इस्पितळापर्यंत जाता येत नाही, त्याच्या दारी इस्पितळ न्यायचे. या कल्पनेला दाद द्यावी तेवढी थोडी!

पण रक्तदाब एका रविवारी बरा होत नाही. क्षयाच्या गोळ्या किमान सहा महिने नेमाने घ्याव्या लागतात. बाळंतपण शिबिराची तारीख पाहून येत नाही. आणि साप? तो तर भातखाचरात अंधार-उजेडाच्या वेळी चावतो, मांडव केव्हाच उतरलेला असतो तेव्हा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या दंशावर प्रतिविष हेच औषध, आणि ते वेळेत टोचले गेले तरच उपयोग. इथे हवा असतो तो जवळच्या आरोग्य केंद्रात जागा असलेला, हात न कापणारा डॉक्टर.

याच पुणे-नाशिक रस्त्यावर पुढे नारायणगाव लागते. तिथल्या डॉ. सदानंद आणि डॉ. पल्लवी राऊत या दांपत्याने वर्षानुवर्षे सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार केले आणि गावोगावी, शाळाशाळांतून लोकांना शहाणे केले. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट दवाखान्यात या, एवढी साधी गोष्ट. पण ती लोकांच्या गळी उतरते ती सांगणारा माणूस उद्याही तिथेच असणार, याची खात्री असते म्हणून.

चाकणच्या दुसऱ्या अंगाला, शिक्रापूरच्या बाजूला गेले की शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक हे गाव आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी १९४४ साली त्या रुग्णालयात आल्या, तेव्हा ते अगदी लहान होते. त्यांनी ते नावारूपाला आणले आणि मग एक अवघड प्रश्न स्वतःलाच विचारला. खेड्यातली बाई आपल्या दारी येते ती सारे हाताबाहेर गेल्यावरच, ती आधी का येत नाही? उत्तर शोधत सत्तरच्या दशकात त्या वढूला पोहोचल्या. तिथे त्यांनी गावातलीच माणसे निवडून त्यांना आरोग्याचे प्राथमिक शिक्षण दिले. खाली गावचा कार्यकर्ता, मधे छोटे ग्रामीण रुग्णालय आणि वर पुण्याचे मोठे रुग्णालय अशी साखळी जोडली. मोठ्या रुग्णालयाचे बळ खेड्यातल्या बाईपर्यंत नेणाऱ्या या कामाला १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. कोयाजी २००४ साली गेल्या. पण त्यांनी घालून दिलेला धडा याच पट्ट्याच्या उंबरठ्यावर आहे, तो शोधायला परदेशी जायला नको.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच केले. निरक्षर म्हणून हिणवल्या गेलेल्या बायकांना त्यांनी गावाच्या आरोग्याची राखणदार बनवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या साध्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळांचे मृत्यू तिथे ६२ टक्क्यांनी घटले, हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २००५ नंतर देशभर ‘आशा’ कार्यकर्ती आली, तिच्या मागे अशा प्रयोगांची पुण्याई आहे.

मग शहरातल्या स्वयंसेवकाने घरीच बसावे काय? तसे नव्हे. पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेने १९९७ पासून मेळघाटात काम सुरू केले. तिथे बालमृत्यू वाढतात ते पावसाळ्यात, म्हणून ऐन पावसाळ्यातच स्वयंसेवकांच्या तुकड्या एकामागून एक पाठवायच्या, अशी ती धडक मोहीम. एका माणसाला तीन महिने जाता येत नाही, आठवडा-दहा दिवस जाता येते. पण तुकडीला तुकडी जोडली की गाव एकटे पडत नाही. सातत्य म्हणजे एकाच माणसाने आयुष्य वाहणे असे नाही. वारीत जशी पालखीची खांदेकरी मंडळी बदलतात आणि पालखी चालतच राहते, तसेही ते असू शकते.

आपल्या औद्योगिक पट्ट्याला तर हे जमायलाच हवे. पिंपरीची ओळखच मुळात औषधाने झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या साह्याने १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स इथे उभी राहिली आणि माळरानावर पेनिसिलीन तयार होऊ लागले. शहराची तहान मावळातले पवना धरण भागवते, भामा-आसखेडचे पाणीही खेडच्या डोंगरातून शहराकडे येते. ज्यांच्या जमिनी धरणांखाली गेल्या, त्यांच्या गावी वर्षातून एक रविवार देऊन हे देणे फिटेल?

आणि दुर्गमता केवळ मैलांवर मोजू नये. चाकणच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा कंत्राटी कामगार, इमारतीच्या सळ्यांजवळ लेकराला झोळीत घालून घमेली वाहणारी बाई, ही माणसेही इस्पितळापासून तितकीच दूर आहेत. एक खाडा म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. त्यामुळे मांडवांना तोटा नाही. पण अहवालात ‘इतके रुग्ण तपासले’ हा आकडा येतो. ‘त्यांतले इतके वर्षाअखेर औषध घेत होते’ हा येत नाही. तो मागायला सुरुवात केली तर बरेच काही बदलेल. दहा गावांत दहा शिबिरे घेण्याऐवजी एका आरोग्य केंद्राशी पाच वर्षांचे नाते जोडावे. महिन्याच्या ठरल्या रविवारी तेच डॉक्टर यावेत. रुग्णांची वही गावच्या ‘आशा’ताईकडे असावी, गोळ्या सरकारी केंद्रातून मिळाव्यात. कुणाला पुढे पाठवायचे झाले तर कुठे, कुणाकडे, कोणत्या गाडीने, हे आधीच ठरलेले असावे. यात फोटो कमी निघतील, माणसे मात्र जास्त वाचतील.

संध्याकाळी मांडव उतरतो, बाके पुन्हा जागेवर जातात, गाड्या घाट उतरू लागतात. आजी कनवटीची पुडी काढून देवळीत ठेवते. पंधरा दिवसांनी ती रिकामी होणार, हे तिला ठाऊक असते. सोळाव्या दिवसाचे उत्तर तयार ठेवून जो डॉक्टर घाट चढेल, त्याचा रविवार सत्कारणी लागला म्हणायचा.