गाडी परत बोलावलीय, पण तुम्हाला कोण सांगणार?

सबमिशन्स संपतात, सगळे पैसे काढतात आणि ग्रुप निघतो लोणावळ्याला, नाहीतर थेट गोव्याला. तिथे कुठेतरी एक मातीचा ट्रॅक दिसतो. जाड टायरच्या, उघड्याबोडक्या गाड्या रांगेत उभ्या असतात. हेल्मेट डोक्यावर डुगडुगतं, बेल्टचं बक्कल काही केल्या लागत नाही. ‘एकच तर राउंड आहे, चल रे!’ असं म्हणत आपण बसतो आणि फोन व्हिडिओसाठी मित्राच्या हातात देतो. ही गाडी कितव्या हातातली, कंपनीने तिला कधी दुरुस्तीसाठी परत बोलावलं होतं का, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात तरी येतं का? खरं सांगायचं तर मीही कधी विचारलेलं नाही.

‘रिकॉल’ म्हणजे कंपनीने स्वतःच्याच मालात दोष आहे हे जाहीर करून तो फुकट दुरुस्त करून देणं किंवा बदलून देणं. कारचे रिकॉल आपण बातम्यांत वाचतो. या ऑफ-रोड गाड्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. अमेरिकेत त्या सर्वाधिक चालतात, पण तिथे त्या कारच्या खात्यात मोडतच नाहीत. खेळणी, पाळणे, टोस्टर यांवर नजर ठेवणारा ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगच यांच्याकडेही बघतो. गंमत वाटते ना? पण पुढचं वाचा.

यामाहाची ‘ऱ्हायनो’ नावाची गाडी होती. दोघांनी शेजारी बसायचं, कारसारखं स्टिअरिंग, मागे छोटा हौदा. शेतावर उपयोगी आणि मजेलाही झकास, त्यामुळे तुफान खपली. मग ती उलटू लागली. 31 मार्च 2009 रोजी आयोग आणि कंपनीने मिळून जाहीर केलं की दुरुस्ती होईपर्यंत ही गाडी वापरू नका. विक्रीही थांबवली. गाड्या होत्या सुमारे 1 लाख 20 हजार. आयोगाने तपासलेल्या पन्नासहून जास्त घटनांमध्ये 46 जण गेले होते. तुम्ही म्हणाल, पोरं डोंगरावर स्टंट करत असतील. तसं नव्हतं. गाडी उलटण्याच्या यातल्या बऱ्याच घटना कमी वेगात, साधारण सपाट जमिनीवर, वळण घेताना झालेल्या दिसत होत्या.

असं का व्हावं? गाडी उंच असेल आणि चाकांमधलं अंतर कमी असेल, तर वळताना ती कलंडायला वेळ लागत नाही. त्यात मागची चाकं बाहेरच्या बाजूला सरकली, की आपण स्टिअरिंग जेवढं फिरवलंय त्यापेक्षा गाडी जास्त वळते. वेग तोच, वळण मात्र अचानक आवळतं आणि आतली चाकं उचलली जातात. गाडी कलंडतेय असं वाटलं की माणूस काय करतो? सायकलवर करतो तेच, पाय बाहेर टाकतो. आणि त्याच पायावर अख्खी गाडी येते.

यावरची दुरुस्ती ऐकायला अगदी किरकोळ वाटेल. मागच्या चाकांना स्पेसर लावून ती थोडी बाहेर घेतली आणि मागचा अँटी-स्वे बार काढून टाकला. पाय आत राहावेत म्हणून अर्धी दारं आणि पकडायला जादा हँडल. त्यानंतर ऱ्हायनोच्या अपघातांच्या नोंदी कमी झाल्या आणि त्याचं श्रेय आयोगाच्या तज्ज्ञांनी याच बदलांना दिलं. म्हणजे दोष सगळा चालवणाऱ्याचा नव्हता!

दुसरी गोष्ट आगीची. एप्रिल 2016 मध्ये पोलारिस कंपनीने आरझेडआर 900 आणि 1000 या मॉडेल्सच्या सुमारे 1 लाख 33 हजार गाड्या परत बोलावल्या. चालता चालता पेट घेतल्याच्या 160 हून जास्त तक्रारी होत्या. त्यात 15 वर्षांची एक मुलगी गेली. ती गाडी चालवत नव्हती, शेजारी बसली होती. तिथल्या कायद्यानुसार धोकादायक दोषाची माहिती हाती आली की कंपनीने ती 24 तासांत आयोगाला कळवायची असते. वेळेत कळवलं नाही या आरोपावरून 2018 मध्ये पोलारिसने 2 कोटी 72 लाख 50 हजार डॉलर्स भरून तडजोड केली. आणि डिसेंबर 2017 मधला इशारा तर जास्तच अस्वस्थ करतो. रिकॉलमध्ये दुरुस्त करून घेतलेल्या काही गाड्याही पुन्हा पेटत होत्या.

आता तुमच्या ट्रिपकडे येऊ. रिकॉलची सूचना जाते ती कंपनीच्या नोंदीतल्या मालकाकडे. गाडी विकली, पुन्हा विकली, भाड्याने लागली, की ते पत्र पोहोचणार कुणाला? शेजारच्या सीटवर दहा मिनिटांसाठी बसलेल्याला तर नाहीच नाही.

आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रिकॉलचं कलम आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. सरकारने सक्तीचा रिकॉल लावला तर कंपनीला 10 लाख ते 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हे सगळं नोंदणी झालेल्या, रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं आहे. ट्रॅकवरच्या ज्या गाडीला नंबर प्लेटच नाही, तिचा मालक आरटीओच्या यादीत सापडणार कसा?

तेव्हा ट्रॅकवर गेलात की आधी फोनचा कॅमेरा सेल्फीला नाही, चेसिसवरच्या नंबराला लावा. मोठ्या कंपन्यांच्या साइटवर हा नंबर टाकला की त्या गाडीचा रिकॉल बाकी आहे का ते कळतं. मालकाला मॉडेल आणि वर्ष विचारा. तो वैतागेल, ‘तुम्हाला बसायचंय की नाही?’ म्हणेल. म्हणू दे. बेल्टचं बक्कल ‘टक्’ करून बसत नसेल, पेट्रोलचा वास येत असेल, सीटमागून जास्तच गरम लागत असेल, तर उतरा आणि पैसे परत मागा. बसलातच, तर गाडी कलंडताना हात-पाय आत ठेवायचे, हे निघण्याआधी एकमेकांना सांगून ठेवा. त्या क्षणी आठवत नाही.

आणि घरी आल्यावर तुमच्या स्वतःच्या स्कूटरचा चेसिस नंबरही टाकून बघा. सेकंडहँड घेतली असेल तर नक्कीच.