नगरचे शाहू मोडक : ख्रिस्ती घरातील ज्ञानेश्वर

प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, असे वारकरी पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले, तो पैस खांब ज्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात उभा आहे, त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यात २५ एप्रिल १९१८ रोजी एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले शाहू मोडक पुढे बावीस वर्षांनी रुपेरी पडद्यावर ज्ञानेश्वर होऊन अवतरले, ही घटना केवळ योगायोग म्हणून बाजूस सारण्याजोगी नाही.

नगरची माती या बाबतीत विलक्षण आहे. अमेरिकन मराठी मिशनने येथे १८३१ मध्ये ठाणे दिले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये येथेच सुरू झाले. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी याच शहरात राहून ख्रिस्तभक्तीला अभंगाचा आणि कीर्तनाचा पेहराव चढविला. धर्म बदलला तरी ओवी परकी होत नाही, टाळ-मृदंग परका होत नाही, असे मानणाऱ्या या समाजाच्या मुलाला संतांची भाषा पाठ्यपुस्तकातून उसनी आणावी लागत नव्हती. ती त्याच्या अंगणातच नांदत होती.

बोलपट अद्याप बाल्यावस्थेत असताना, १९३२ मध्ये, भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये चौदा वर्षांचे शाहू बाळकृष्ण झाले. राधेच्या भूमिकेत शांता आपटे होत्या. मुंबईच्या एकाच चित्रगृहात पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालून त्या चित्राने रौप्यमहोत्सवाचा मान मिळविला. लगेच पुढील वर्षी ‘औट घटकेचा राजा’मध्ये त्यांनी दुहेरी भूमिका केली, भारतीय बोलपटातील ती पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. एकच नट पडद्यावर दोघे म्हणून दाखवायचा, तर भिंगाचा अर्धा भाग झाकून एक बाजू चित्रित करावयाची, फीत मागे गुंडाळून दुसरी बाजू चित्रित करावयाची, अशी त्या काळची रीत होती; आणि या खटाटोपात समोर कोणी नसताना, जणू कोणी उभे आहे अशा बेताने पाहण्याची व बोलण्याची कसोटी नटाला द्यावी लागे.

परंतु मोडकांचे खरे सामर्थ्य दिसले ते व्ही. शांताराम यांच्या ‘माणूस’मध्ये, १९३९ साली. येथे ना मोरपीस, ना बासरी. अंगावर पोलीस शिपायाचा गणवेश आणि मनात मैना नावाच्या एका वेश्येविषयी उपजलेली, स्वतःलाच भेडसावणारी माया. शांता हुबळीकरांची मैना हसते, गाते, उसळते. आणि मोडकांचा गणपत तिच्याकडे संकोचाने, आर्जवाने, क्वचित भयाने पाहत राहतो. झाडाखाली गाणाऱ्या सिनेमातल्या प्रेमिकांची ही जोडी नक्कल करते, त्या प्रसंगी त्या सरळमार्गी शिपायाचा अवघडलेपणा ज्याने पाहिला, त्याला हा नट केवळ देवादिकांपुरता होता असे म्हणण्याचे धाडस होणार नाही.

दामले-फत्तेलाल यांचा ‘संत ज्ञानेश्वर’ १९४० मध्ये आला. वाघावर बसून येणाऱ्या चांगदेवांना सामोरे जाण्यासाठी भिंत चालवावयाची, हे काम प्रभात फिल्म कंपनीच्या कसबी तंत्रज्ञांचे. पण त्या चालत्या भिंतीवर बसलेल्या मुखावर चमत्काराचे यत्किंचितही नवल दिसू न देणे, हे काम सर्वस्वी नटाचे होते. रंगभूमीवरील हातवारे आणि चढा स्वर ही त्या काळच्या अभिनयाची सर्वमान्य चलने असताना मोडकांनी स्थिर दृष्टी, मंद स्मित आणि सावकाश उच्चार एवढ्याच भांडवलावर ज्ञानेश्वर उभे केले. कॅमेरा चेहऱ्याच्या निकट येतो तेव्हा शांतताही बोलते, हे मर्म त्यांना उमगले होते.

१९४२ च्या ‘भरत मिलाप’मध्ये ते भरत झाले, आणि कृष्णाची भूमिका तर त्यांनी एकोणतीस वेळा केल्याची गणना सांगितली जाते. या लौकिकाने त्यांना घराघरांत नेले हे खरे. पण त्याच लौकिकाने गणपत शिपायाची वाट अरुंद केली, याची खंत मला वाटते. ज्या मुद्रेत देवत्व सापडले, तिच्यातच सामान्य माणसाचे दुःखही तितक्याच सहजतेने वसत होते, हे चित्रव्यवसायाने पुरते ओळखले नाही.

११ मे १९९३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची आठवण नगरकरांनी कशी जागवावी, असे कोणी विचारले तर मी एवढेच सुचवीन की, येथील एखाद्या सभागृहात सकाळी ‘माणूस’ आणि सायंकाळी ‘संत ज्ञानेश्वर’ दाखवावा, आणि नेवाशाच्या वारकऱ्यांना व नगरच्या चर्चमधील मंडळींना एकाच रांगेत बसवावे. दोघांनाही पडद्यावर आपलाच माणूस दिसेल.