गस्त गावाची, जबाब कोणाचा?

पीक खळ्यावर आले, की गावात कुजबुज सुरू होते. कोणाच्या विहिरीवरची मोटार गेली, कोणाची शेळी गेली. ठाणे लांब, एका ठाण्याखाली गावे पुष्कळ. मग पारावर ठरते, "चला, आपणच गस्त घालू." यात गैर काही नाही. ही तर आपली जुनी चाल.

पूर्वी गावोगाव जागल्या असे, कुठे रामोशी असे. चोरी झाली, की त्याने पावलांचा माग काढायचा. माग शिवेपलीकडे गेला, की पुढच्या गावच्या राखणदाराने तो उचलायचा. एल्फिन्स्टनने ही पद्धत नोंदवून ठेवली आहे. तिच्यात त्रुटी होत्या, नाही असं नाही. पण राखणदार कोण, हे साऱ्या गावाला ठाऊक असे आणि जबाबही त्यालाच द्यावा लागे.

आता १ जुलै २०१८ चा दिवस आठवा. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडे बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले. मुले पळवणारी टोळी फिरते, अशी आवई मोबाईलवरून आधीच उठली होती. जमावाने त्या पाचही जणांना ठार केले. पुढे १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्याला तेच. चोरांची अफवा, आणि दोन साधू व त्यांचा मोटारचालक जिवाला मुकले. तिथे तर पोलीस हजर होते! माणसे गावचीच होती. पण जमावात कोणी कोणाला जबाब देत नाही.

मग कायदा काय म्हणतो? जामीन न मिळणारा दखलपात्र गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत घडला, किंवा समोरचा माणूस न्यायालयाने जाहीर केलेला फरारी असला, तर साध्या नागरिकालाही त्याला धरता येते. नुसता संशय पुरत नाही. 'परका दिसतो' हा तर गुन्हाच नव्हे. आणि धरल्यावर? २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे त्याला विनाकारण वेळ न लावता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करायचे. मारझोडीचा अधिकार कोणालाच नाही, पोलिसालाही नाही.

गस्त घालायचीच असेल, तर राजरोस घाला. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात ग्रामरक्षक दलाची सोय आहे. पोलीस पाटलाला बरोबर घ्या, ठाण्यात नावे कळवा. आज रात्री कोण कोण जागे आहे, ते वहीत लिहा. अनोळखी माणूस भेटला, तर त्याला बसवा, पाणी द्या, विचारा, आणि ११२ ला फोन लावा.

गुरुजी, ती वही तुमच्या हाती असेल तर बरे. आणि वर्गात मुलांना एकदा विचारा: आपल्या गावी दरवर्षी कोणकोण येतात? वासुदेव, नंदीबैलवाला, डवरी गोसावी. ते कुठून येतात, कोणत्या महिन्यात येतात, काय म्हणतात? मुले घरी जाऊन आजीला विचारतील. आजीला ती सारी माणसे ओळखीची असतात.