मिरचीच्या फवाऱ्यावर किती भिस्त ठेवावी?

पहाटे फिरायला जाणारी मंडळी, दूधवाले, पेपर टाकणारी मुले यांना कुत्र्यांचा त्रास नेहमीचाच. माझ्या दवाखान्यात बरेच जण विचारतात, "डॉक्टर, मिरचीचा स्प्रे खिशात ठेवला की कुत्र्याची भीती नाही ना?" त्याविषयी आज थोडे सांगतो.

या फवाऱ्यात मिरचीचा अर्क असतो. त्यातील कॅप्सेसिन या द्रव्यामुळे डोळ्यांची व नाकाची आग होते. नुसते भुंकत अंगावर येणारे कुत्रे त्याने बहुधा मागे फिरते. पण फवारा नेमका तोंडावर बसला तरच. वारा उलटा असेल तर तिखट आपल्याच डोळ्यांत जाते. तसे झाल्यास डोळे चोळू नका, भरपूर साध्या पाण्याने धुवा.

चवताळलेल्या कुत्र्याची गोष्ट निराळी. त्या आवेशात जनावराला वेदनेचे भान कमी राहते. हल्ल्यासाठी शिकवलेल्या कुत्र्याला तर मार बसला तरी पकड न सोडण्याचाच सराव दिलेला असतो. शिवाय एकदा दात रोवल्यावर त्याला डोळ्यांची गरज उरत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याचा मेंदूच रोगाने ग्रासलेला असतो. ते कसे वागेल याचा नेम नाही.

म्हणून फवाऱ्यावर विसंबून राहू नका. कुत्रे अंगावर आले तर पळू नका. छत्री, पिशवी किंवा सायकल मध्ये धरा आणि नजरेला नजर न देता हळूहळू मागे सरा. खाली पडलात तर अंग मुडपून घ्या, हातांनी मान व कान झाका.

एवढे करूनही चावलेच, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. जखमेवर हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठून लस सुरू करा. पोटातली १४ इंजेक्शने आता इतिहासजमा झाली. लस दंडात देतात. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. साध्या ओरखड्याकडेही दुर्लक्ष नको आणि पुढचे डोस चुकवू नका. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते.