जुन्या रायफल स्कोपमध्ये धुकं का साचतं? आणि तो दुरुस्त होतो का?

बोरिवली-मुलुंडच्या फ्लॅटमध्ये पावसाळा म्हणजे कपाटातल्या चपलांवर, पट्ट्यांवर पांढरी बुरशी. हीच बुरशी काचेवरही वाढते, हे मात्र माळ्यावरची जुनी दुर्बीण किंवा कॅमेरा खाली काढल्यावर कळतं. रायफलवर बसवायच्या जुन्या स्कोपचंही तेच होतं. आजोबांच्या काळातला स्कोप डोळ्याला लावला तर समोर धूसर दिसतं आणि त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा.

आधी एक गैरसमज दूर करूया. ऑलिम्पिकच्या रायफल स्पर्धांत असा स्कोप चालतच नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, ते बारीक छिद्रातून नेम धरून. सरकत्या लक्ष्याच्या प्रकारात दुर्बिणीला परवानगी होती, पण तो प्रकार 2004 च्या अथेन्सनंतर ऑलिम्पिकमधून गेला. जुन्या रायफली आणि जुने स्कोप घेऊन कागदी लक्ष्यावर नेमबाजी करण्याचा छंद मुख्यतः अमेरिका आणि युरोपात रुजलाय.

मग धूसर का दिसतं?

कारणं तीन, आणि दुरुस्ती कोणत्या कारणावर करायची हे आधी ठरवावं लागतं.

पहिलं कारण बुरशी. हवेतली आर्द्रता 60-70 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की ती वाढते. मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता सहज 80 च्या पुढे असते. त्यात स्कोप चामड्याच्या मूळ केसमध्ये जपून ठेवलेला असतो, आणि चामडं ओल धरून ठेवतं! जपणूकच नडते. बुरशीतून आम्ल पाझरतं आणि काचेवर कायमचे ओरखडे उमटतात. म्हणून उशीर महाग पडतो.

दुसरं, आतलं ग्रीस. ते जुनं झालं की त्याचा तेलकट थर लेन्सवर बसतो. हा पुसून जातो.

तिसरं सगळ्यात अवघड. जुन्या स्कोपमध्ये दोन लेन्स एकमेकींना कॅनडा बाल्समनं चिकटवलेल्या असत. हा फर जातीच्या झाडाचा डिंक. तो पारदर्शक असतो आणि प्रकाशाला जवळपास काचेइतकाच वाकवतो, म्हणून जोड दिसत नाही. पण काही दशकांनी तो कडेपासून सुटतो, पिवळा पडतो. बाहेरून कितीही पुसा, फरक शून्य. लेन्स वेगळ्या करून पुन्हा चिकटवाव्या लागतात, आणि मधोमध बसल्या नाहीत तर चित्र आधीपेक्षा वाईट.

ओळखायचं कसं? टॉर्चचा प्रकाश पुढच्या काचेतून तिरका टाका. धाग्यांचं जाळं दिसलं तर बुरशी. कडेला इंद्रधनुषी डाग किंवा बुडबुडे दिसले तर डिंक सुटलाय.

नेमाचं काय?

काच स्वच्छ झाली म्हणजे काम झालं, असं नाही. नेम हलवणारा नॉब हा खरा प्रश्न. बऱ्याच स्कोपमध्ये एक क्लिक म्हणजे पाव मिनिट कोन, म्हणजेच 50 मीटरवर साधारण 3.6 मिलिमीटर. 50 मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. नॉब ग्रीसमुळे तीन क्लिक अडकला, तर गोळी जवळपास 11 मिलिमीटर सरकते आणि दहाचे नऊ होतात.

याची चाचणी गोळी न झाडता होते. स्कोप रायफलवरून काढून घट्ट पकडीत बसवा, फुली एका खुणेवर आणा. मग नॉब 20 क्लिक उजवीकडे, 20 वर, 20 डावीकडे, 20 खाली. फुली त्याच खुणेवर परत आली पाहिजे. खूण घरातल्याच भिंतीवर घ्या. खिडकीतून समोरच्या इमारतीकडे स्कोप रोखलात, तर सोसायटीत काय चर्चा होईल ते वेगळं सांगायला नको.

दुरुस्ती कोणाकडे?

फोर्टच्या बोरा बाजार परिसरात कॅमेऱ्यांचा जुना बाजार आहे. लेन्समधली बुरशी काढणं हे कॅमेरा दुरुस्त करणाऱ्यांच्या ओळखीचं काम. तिथे फक्त स्कोप न्यायचा, रायफल नाही. लेन्स कोणत्या क्रमानं आणि कोणत्या बाजूनं बसली होती, याची पेन्सिलीनं खूण करायला सांगा. एक लेन्स उलटी बसली तरी चित्र बिघडतं. आतल्या फुलीला बोट लावू देऊ नका. जुन्या स्कोपमध्ये ती अतिशय बारीक तारेची, काही वेळा चक्क कोळ्याच्या धाग्याची असते. तुटली तर तशीच मिळणं कठीण.

घरी उघडायचा मोह टाळलेला बरा. जुन्या लेन्सवरचा लेप मऊ असतो, जोरात पुसला की निघून जातो. आणि तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय तर नकोच, पीठ आत शिरतं. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा पुरतो. आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान असावी. जेलचे दाणे ओले झाले की तापवून पुन्हा वापरता येतात.

परत बसवलेल्या स्कोपचा शून्य नेम नव्यानं लावावाच लागतो. ते काम परवाना असलेल्या रायफलीनं आणि वरळीसारख्या अधिकृत रेंजवरच. पहिल्या काही गोळ्या एकत्र पडताहेत का ते आधी बघायचं, नॉब नंतर फिरवायचा.