बटणाचा हातब्रेक

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांनी वडपे पाहिले असेल. निदान तेथून गेला तरी असाल. भिवंडी तालुक्यातले हे गाव मुंबई-नाशिक महामार्गाला लागून आहे. आसपास गोदामेच गोदामे, आणि त्यांच्या दारांशी मालमोटारींच्या रांगा. जवळच आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन थांबतो. नागपूरपासूनचा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ पासून पुरता खुला झाला. तेव्हा येथे गाड्या थांबायच्याच. कुणी चहाला, कुणी माल उतरवायला, कुणी नुसती पाठ मोकळी करायला. गाडी चालवायला शिकविणारे गावोगाव भेटतात. ती उभी कशी करावी, हे मात्र कुणी विचारीत नाही आणि सांगतही नाही. आज तेच सांगावयाचे आहे, आणि तेही जिच्यात हातब्रेकचा दांडा नाही, नुसते बटण आहे, अशा मोटारीविषयी.

जुन्या मोटारीत दोन बैठकींच्या मध्ये दांडा असतो. तो करकर वर ओढला की ब्रेक किती बसला हे हातालाच कळते. दांड्याला तार, आणि तारेच्या टोकाला मागच्या चाकांचे ब्रेक. नव्या मोटारीत बटण ओढले की मागच्या चाकांजवळची लहानशी विजेची मोटर फिरते, ती एक स्क्रू फिरविते आणि तो स्क्रू ब्रेकचे पॅड चाकाच्या तबकडीवर दाबून धरतो. क्षणभर घुर्र असा आवाज येतो, तेवढाच. २००१ साली बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरीज मोटारीत बटणाचा हातब्रेक आला. आता तो मध्यम किमतीच्या गाड्यांतही दिसतो.

येथे शंका येते, की वीज गेली तर ब्रेक सुटेल काय? नाही सुटणार. चाक बदलताना आपण स्क्रूचा जॅक लावतो. हँडल सोडून दिले म्हणून गाडी खाली येते का? तसेच हे. बॅटरी उतरली तर लागलेला ब्रेक लागलेलाच राहील. पण उलटही तितकेच खरे: सुटलेला ब्रेक बॅटरीवाचून लागणार नाही. हवेच्या ब्रेकच्या मालमोटारीचे तसे नसते. तिच्यात जबर स्प्रिंग ब्रेक दाबून धरते आणि हवेचा दाब तो सोडवितो. म्हणून हवा गळाली की ती जागीच जखडते. मालमोटारीवर वर्षे काढलेल्या चालकाने लहान गाडीत बसताना हा फरक ध्यानात ठेवावा.

आता क्रम पाहू. गाडी थांबली तरी पायाचा ब्रेक दाबूनच ठेवा. बटण वर ओढा. (काही गाड्यांत ते दाबावे लागते. गाडीबरोबर मिळालेले पुस्तक एकदा उघडा. ते कप्प्यात जुन्या पावत्यांखाली सापडेल.) समोर तांबडा दिवा लागेल, वर्तुळात इंग्रजी ‘पी’ अक्षर. तो स्थिर राहिला म्हणजे ब्रेक बसला. लुकलुकतच राहिला तर बिघाड आहे असे समजून गाडी सोडून जाऊ नका. मग न्यूट्रल करून पाय हळूच उचला. गाडी केसभर हलेल आणि ब्रेकवर भार देऊन थांबेल. आता पुन्हा ब्रेक दाबा आणि गिअर टाका: तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. इंजिन बंद केल्यावरच क्लच सोडा. आपोआप गिअर बदलणारी गाडी असेल तर ‘पी’. आधी ‘पी’ टाकून पाय उचलला, तर सगळा भार गिअरपेटीतल्या एका लहान खिळीवर येतो आणि निघताना खाडकन खटका बसतो.

काही गाड्यांत ‘ऑटो होल्ड’ नावाचे आणखी एक बटण असते. सिग्नलला गाडी थांबली की पाय काढला तरी ते गाडी धरून ठेवते. पण ते धरणे ब्रेकच्या तेलाच्या दाबावर असते, स्क्रूवर नव्हे. दार उघडले की कित्येक गाड्या आपणहून हातब्रेक लावतात. सगळ्याच लावतात असे नाही. म्हणून वाडीचे फाटक उघडायला अर्धा मिनिट उतरायचे असले तरी बटण ओढावे आणि इंजिन बंद करावे.

अर्ध्या मिनिटाचे म्हणतो, त्याला कारण आहे. जून २०१६ मध्ये लॉस एंजेलिस येथे अँटन येल्चिन हा २७ वर्षांचा नट आपल्याच घराच्या उतारावर मरण पावला. त्याची जीप ग्रँड चेरोकी घरंगळली आणि त्याला तिने फाटकाशी, विटांच्या खांबावर चिरडले. त्या जातीच्या गाडीत गिअरचा दांडा दर वेळी मधल्या जागी परत येई. ‘पी’ पडला की नाही, हे हाताला कळत नसे. दोनच महिने आधी कंपनीने अशा सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या होत्या. बटणाच्या ब्रेकचेही तेच आहे. हाताला काही कळत नाही, तेव्हा दिवा पाहिल्याशिवाय दार उघडू नये.

कसारा घाटासारख्या उताराच्या जागी आणखी दोन गोष्टी करा. डाव्या कडेला गाडी लावून पुढची चाके डावीकडे वळवा, म्हणजे सुटली तरी ती रस्त्यात न येता कडेला जाईल. मात्र कडेला दरी असेल तर तेथे गाडीच लावू नये. आणि चाकाखाली दगड ठेवा. घाट उतरून तापलेल्या तबकड्या निवतात तशा किंचित आकसतात आणि पकड सैल पडते. काही गाड्या थोड्या वेळाने ब्रेक आपोआप पुन्हा आवळतात. दगडाला त्याची वाट पाहावी लागत नाही. निघताना तो रस्त्यात टाकून जाऊ नका, एवढेच.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२६ वे कलमही हेच सांगते: चालक जागेवर नसेल तर इंजिन बंद हवे, आणि गाडी आपोआप हलणार नाही अशी तजवीज हवी.

गुरुजनांना एक विनंती. शाळेच्या आवारात असली मोटार आली, तर मुलांना तिचे बटण दाखवा. बहुतेक गाड्यांत चालत्या गाडीतही ते ओढून धरून ठेवले की गाडी थांबू लागते. चालकाला भोवळ आली तर शेजारी बसलेल्याला हे ठाऊक असावे. त्याच वेळी हेही सांगा, की इंजिन चालू असता चालकाच्या जागी बसायचे नाही. पुष्कळ गाड्यांत गिअर पडलेला असून ॲक्सिलरेटरवर पाय पडला की हा ब्रेक आपणहून सुटतो.

आणि मागचे पॅड बदलायचे झाले, तर मेस्त्रीला आधीच सांगा की ब्रेक बटणाचा आहे. यंत्र लावून स्क्रू मागे घ्यावा लागतो. पट्टी घालून तो जोराने मागे रेटला तर मोटरच मोडते.